मंडळाचे चाळीस पोलो टी-शर्ट: यंदा तरी कॉलर कॉलरसारखी राहावी

रामबागी (इंदूर)

मंडळी, गणपतीला अजून अडीच महिने आहेत, पण गेल्या वर्षीचे चटके ताजे आहेत म्हणून आत्ताच धागा काढतोय.

आमचं मंडळ लहान. स्वयंसेवकांसाठी गेल्या वर्षी भगव्या रंगाचे ४० पोलो टी-शर्ट केले, खरेदी माझ्याकडे होती. दुकानदार म्हणाला, "भिया, दोनशे वीस जीएसएम, प्युअर कॉटन, एक्सपोर्ट का माल है." हाताला छान लागलं. स्थापनेच्या दिवशी सगळे असे शोभत होते की मीच माझी पाठ थोपटून घेतली.

पहिल्या धुण्यात रंग गेला, आणि जाताना चौघांची बनियनं भगवी करून गेला. दुसऱ्या धुण्यात कॉलरची टोकं भाजलेल्या पापडासारखी वर वळली. अनंत चतुर्दशीला झाँक्यांच्या (चित्ररथांच्या मिरवणुकीच्या) रात्री आम्ही गर्दी आवरायला दोर धरून उभे, हात वर केला की प्रत्येकाचं पोट बाहेर. एका काकूंनी विचारलं, "हे टी-शर्ट मुलांच्या मापाचे आणलेत का रे?"

यंदा पुन्हा खरेदी माझ्याकडेच आहे (शिक्षा म्हणून). बजेट नगाला ५०० रुपये. कापड कसं ओळखायचं, माप कसं घ्यायचं, कॉलरीचं काय करायचं, सगळं सांगा. मला फक्त 'एल' आणि 'एक्सेल' एवढंच कळतं.

---

फुकटचा_सल्ला

कापडाच्या धाग्यासाठी धागा काढलात, आवडलं. माझा सल्ला: नामांकित कंपनीचा मगरीचा किंवा घोड्याचा शिक्का बघून घ्या, डोक्याला ताप नाही.

---

रामबागी

५०० रुपयांत मगरीची शेपटीसुद्धा येत नाही हो. आणि आलीच तर ती खरी मगर नसते.

---

सूतकाका (इंदूर)

रामबागी, मी आयुष्यभर होजियरीच्या कापडात काम केलं आहे, आता निवृत्त. जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, "पोलोचं कापड" असं एकच काही नसतं. बाजारात तुम्हाला तीन नावं ऐकू येतील: सिंकर, मॅटी आणि पीके. सिंकर म्हणजे साध्या गोल गळ्याच्या टी-शर्टचं गुळगुळीत कापड. त्याला कॉलर लावली की पोलो होतो, पण लेचापेचा. शिवाय सिंकरच्या सुताला पीळ जास्त राहिला असेल तर धुतल्यावर तो पीळ सुटू पाहतो आणि अख्खा शर्ट अंगावर फिरतो. काखेतून खाली येणारी शिवण चार धुण्यांनंतर पोटावर आलेली तुम्ही पाहिली असेलच. शिंप्याला शिव्या बसतात, चूक बहुतेक वेळा सुताची आणि विणीची असते.

पीके आणि मॅटी ही जाळीदार, खवल्याखवल्यांची वीण. यात काही टाके पूर्ण विणत नाहीत, सुईवर अडकवून धरतात आणि पुढच्या ओळीबरोबर सोडतात. त्यामुळे कापड जाड होतं, अंगाला सपाट चिकटत नाही, मध्ये हवा खेळते. रात्रभर दोर धरून उभं राहायचं असेल तर हेच घ्या.

आता जीएसएम. म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. पोलोला १८० च्या खाली जाऊ नये, २४० इंदूरच्या भाद्रपदात अंगावर घोंगडी होईल. २०० ते २२० उत्तम. दुकानदाराच्या तोंडच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. कापडाचा बरोबर १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि वजन करा. जितके ग्रॅम, त्याला १०० ने गुणा, झाला जीएसएम. २.२ ग्रॅम भरला तर २२०. घरातला काटा कामाचा नाही, सोनाराचा काटा लागेल. इंदुरात त्याची वाण नाही.

आणि कापड आटलं का? होजियरीचं कापड मिलमधून किलोवर विकलं जातं. ओलं असताना ताणून वाळवलं की त्याच किलोत जास्त मीटर निघतं. ताण कापडात दडून बसतो, तुमच्या बादलीत सुटतो. ५ टक्के म्हटलं की ऐकायला किरकोळ वाटतं, पण २८ इंच उंचीत ते जवळजवळ दीड इंच होतं. तुमची पोटं याच दीड इंचातून बाहेर आली.

रंगाचंही तसंच. सुती कापडाला आजकाल रिअॅक्टिव्ह रंग देतात, तो सुताला पक्का धरतो. पण थोडा रंग मोकळा राहतोच, तो गरम पाण्याने आणि साबणाने पुन्हा पुन्हा धुऊन काढावा लागतो. तिथे पाणी आणि वेळ वाचवला की उरलेला रंग बनियनवर जातो. भगवा, लाल, गडद निळा यांत हे ठळक दिसतं. पांढरा ओला रुमाल आतल्या शिवणीवर दहा-बारा वेळा घासून बघा.

कॉलरीबद्दल रात्री लिहितो. बायको जेवायला बोलावते आहे.

---

बडोदेकर

सूतकाका, वाचतोय. आम्ही नवरात्रात पार्किंग सांभाळणाऱ्या पोरांना पॉलिस्टर मिसळलेले पोलो दिले होते. रंग अजून जसाच्या तसा, कॉलर ताठ, सगळं छान. पण पोरं दुसऱ्या रात्रीपासून ते घालायला तयार होईनात, वासामुळे.

---

टाका_घालते (इंदूर, सुदामानगर)

काकांनी कापडाचं सांगितलं, मी मापाचं सांगते. घरी शिवणकाम आणि अल्टरेशन करते, आठवड्यात निदान दहा जण "ताई, हा टी-शर्ट जरा बारीक करून द्या" म्हणत येतात. त्यातल्या निम्म्यांना मी परत पाठवते, कारण जे बिघडलेलं असतं ते दुरुस्त होण्यासारखं नसतं.

सगळ्यात आधी खांदा. खांद्याची शिवण हाड संपतं तिथे बसली पाहिजे. पुरुष काय करतात, पोट सुटलं की एक साइज मोठा घेतात. पोटाला जागा मिळते, पण खांदा दंडावर उतरतो, मुंढा (बाही जोडतात तो घेर) खाली लोंबतो, बाही कोपरापर्यंत येते. थोरल्या भावाचा शर्ट घातल्यासारखं. बाजूच्या शिवणी आत घेणं अर्ध्या तासाचं काम आहे. खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही उसवा, मुंढा पुन्हा कापा, बाही पुन्हा बसवा. कुणी करत नाही. म्हणून पोट असलेल्यांनी मोठा साइज घेण्यापेक्षा सरळ कटाचा शर्ट घ्यावा. दुकानात 'स्लिम' लिहिलेला असेल तर खाली ठेवा, लाजू नका.

बाही दंडाच्या मध्यावर संपावी आणि कडेतून दोन बोटं सहज जावीत. छातीला काखेच्या खाली दोन्हीकडे एकेक इंच चिमटीत आला की पुरे. बटणं लावल्यावर पट्टीच्या मध्ये फट पडत असेल तर लहान होतोय.

उंची उभं राहून बघू नका. दोन्ही हात वर करून बघा. पट्टा झाकलेला राहिला पाहिजे. हात खाली असताना मागची कड पँटच्या मागच्या खिशाच्या मध्यापर्यंत. त्याहून लांब असेल तर तो खोचून घालायचा, बाहेर सोडला तर झगा दिसतो.

आणि एल-एक्सेल विसरा. एका कंपनीचा ४० म्हणजे तुमच्या छातीचं माप, दुसरीचा ४० म्हणजे शर्टाचं माप. यात तीन-चार इंचांचा फरक पडतो. घरातला जो टी-शर्ट तुम्हाला नीट बसतो तो पलंगावर सपाट पसरा. काखेच्या शिवणीच्या एक इंच खालून या कडेपासून त्या कडेपर्यंत टेप लावा, आकडा दुप्पट करा. खांद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मागे कॉलरीच्या खालून कडेपर्यंत उंची. तीन आकडे फोनमध्ये लिहून ठेवा आणि दुकानात टेप घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू द्या.

एक विचारायचं होतं: तुमच्या ४० मध्ये बायका किती?

---

रामबागी

ताई, अकरा जणी. गेल्या वर्षी त्यांनाही तेच दिले होते, 'एस' साइज.

---

टाका_घालते

म्हणजे तुम्ही त्यांना पुरुषांचे लहान शर्ट दिलेत. खांदा रुंद, नितंबांपाशी घट्ट, गळ्याची पट्टी खोल. म्हणूनच झाँक्यांच्या रात्री सगळ्या ओढणी गुंडाळून उभ्या होत्या. माझी भाचीही होती त्यात, तेव्हा मला माहिती आहे 🙂

बायकांसाठी वेगळा कट मागा. मिळाला नाही तर निदान कडेला दोन्हीकडे चार बोटं उंच चिरा असलेला घ्या, म्हणजे खाली अडकत नाही. चिरेच्या टोकाला आतून पट्टी लावलेली असावी, नाहीतर चीर पहिल्याच बसण्यात वर उसवत जाते.

---

टेनिसवेडा

अवांतर, पण राहवत नाही. याला पोलो म्हणतात खरं, पण आज आपण घालतो तो शर्ट टेनिसच्या मैदानातून आला. त्या काळी टेनिसपटू लांब बाह्यांचे, ताठ कॉलरचे पांढरे शर्ट घालून खेळत आणि घामाने बेजार होत. फ्रान्सच्या रेने लाकोस्तने १९२६ मध्ये अमेरिकेतल्या स्पर्धेत जाळीदार विणीचा, अर्ध्या बाहीचा, मऊ कॉलरचा शर्ट घातला. १९३३ मध्ये भागीदारीत कंपनीच काढली. त्याला 'मगर' म्हणत, म्हणून मगर.

मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी लांब असते, तेही त्याच खेळाचं देणं. सर्व्हिस करताना शर्ट वर येऊ नये म्हणून. आणि पोलोवाल्यांचंही थोडं देणं आहे, त्यांच्या शर्टाच्या कॉलरीची टोकं वाऱ्यात फडफडू नयेत म्हणून बटणांनी बांधलेली असत. पोलो हा खेळ तर इंग्रजांनी मणिपुरात पाहिला आणि उचलला. म्हणजे खेळ आपल्याकडचा, शर्ट फ्रेंचांचा.

---

रामबागी

टेनिसवेडा, मागची बाजू लांब हे कामाचं सांगितलंत. आमचा दोर धरणं म्हणजे रात्रभर सर्व्हिसच आहे.

---

सूतकाका

जेवण झालं. आता कॉलर.

पोलोची कॉलर अंगाच्या कापडातून कापत नाहीत. ती सपाट विणणाऱ्या वेगळ्या मशीनवर पट्टीसारखी विणून येते. दोष इथेच शिरतो. पट्टी सैल विणली, पातळ सूत वापरलं, की धुतल्यावर कॉलर एका गतीने आटते आणि अंग दुसऱ्या. मग टोकं वळतात. खरेदी करताना कॉलरीचं टोक दोन बोटांत घेऊन गुंडाळा, दहा सेकंद धरा, सोडा. झटकन परत गेलं पाहिजे. उजेडासमोर धरा, जाळी आरपार दिसता कामा नये.

काही जण आकार टिकावा म्हणून कॉलरीत पॉलिस्टर मिसळतात. ते पापच आहे असं मी म्हणणार नाही. पण सुताला आणि पॉलिस्टरला रंग वेगवेगळे लागतात, त्यामुळे कॉलर आणि अंग यांची छटा वेगळी पडू शकते. दुकानाच्या दिव्याखाली कळत नाही. शर्ट घेऊन उन्हात या.

मग गळा आतून बघा. कॉलर जिथे जोडली आहे तिथे ओव्हरलॉकचे (कड उसवू नये म्हणून घातलेल्या शिवणीचे) दोरे उघडे आहेत की वरून पट्टी शिवली आहे? पट्टी खांद्यापासून खांद्यापर्यंत असेल तर फारच चांगलं, खांदे लोंबत नाहीत. बटणपट्टीचा खालचा चौकोन बघा, तिथे आडवी-उभी दुहेरी शिवण हवी. सगळा ताण तिथेच येतो.

सुताबद्दल एक. कोम्ब्ड कॉटन मागा. विंचरताना आखूड तंतू काढून टाकतात, लांब उरतात. आखूड तंतूंची टोकं पृष्ठभागावर येतात, घासून त्यांचे गोळे होतात. लांब धाग्याचा कापूस आपल्या रतलाम-झाबुआ पट्ट्यात पिकतो, डीसीएच ३२ जातीचा. इथे मिल होत्या तेव्हा... असो, तो विषय काढला की मी थांबत नाही. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, त्या बंद मिलच्या नावाने झाँकी मात्र अजून निघते. तुम्ही दोर तिथेच धरता.

---

फुकटचा_सल्ला

काका, बायोवॉश म्हणजे काय हो? प्रत्येक दुकानात ऐकतो.

---

सूतकाका

कापडावरची लव खाणारं एन्झाइम असतं, त्या पाण्यात कापड घोळवतात. लव गेली की हाताला रेशमासारखं लागतं, गोळे कमी येतात. जास्त झालं तर कापडाचा जीव जातो. म्हणून केवळ हाताला गुळगुळीत लागलं म्हणून भुलू नका, गेल्या वर्षी रामबागी तिथेच भुलले असावेत.

---

रामबागी

भुललो काका. आणि आता पुरावा आहे.

काल संध्याकाळी गेल्या वर्षीचा माझा शर्ट घेतला, पट्टी लावून १० बाय १० चा तुकडा कापला आणि सराफ्यात गेलो. ओळखीच्या सोनाराने आधी विचारलं, "यात काय मढवायचंय?" काट्यावर ठेवला. १.७८ ग्रॅम. म्हणजे १७८! २२० चं वचन होतं. सोनार म्हणाला, "बयालीस का घाटा, हमारे यहाँ तो जेल हो जाती."

घरी येऊन त्याच तुकड्याचे दोरे जाळले. कागदासारखा वास आला, राखही मऊ पडली, पण दोऱ्याच्या टोकाला काळा कडक मणी राहिला. म्हणजे 'प्युअर कॉटन'ही गेलं.

(वजन झाल्यावर भुट्ट्याचा कीस खाल्ला. सराफा रात्री खाऊगल्ली होतो, तिथे जाऊन तसंच परत येणं जमत नाही.)

---

सूतकाका

मणी म्हणजे पॉलिस्टर, नक्की. आणि आणखी एक ध्यानात घ्या: हे धुतलेल्या, आटलेल्या कापडाचं वजन आहे. आटल्यावर तेच सूत कमी जागेत बसतं, म्हणजे जीएसएम वाढतो. नवा असताना तो १७८ सुद्धा नसणार.

---

रामबागी

काका, जखमेवर मीठ.

---

टाका_घालते

छातीवर बाप्पाचं चिन्ह मशीनने भरून घेणार असाल तर सांगते. कापड आटतं, भरतकाम आटत नाही, म्हणून धुतल्यावर भोवती चुण्या पडतात आणि बाप्पा रुसल्यासारखे दिसतात. भरणाऱ्याला सांगा, खाली जाडसर बॅकिंग लाव. तीन इंचांपेक्षा मोठं नको आणि आतून गच्च भरलेलं नको, बाह्यरेषेचं हलकं चिन्ह जाळीच्या कापडावर छान बसतं. मंडळाचं नाव पाठीवर मोठं हवंच असेल तर छापून घ्या. पण पाठभर छाप घेतलीत तर तिथून हवा जाणार नाही, मग पीके घेऊन काय उपयोग?

---

रामबागी

अहवाल. रविवारी एमटी क्लॉथ मार्केट आणि राजवाड्यामागच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. खिशात टेप, पांढरा रुमाल आणि पाण्याची बाटली. तीन ठिकाणांहून एकेक नमुना विकत घेतला.

पहिला: कापड झकास, पण कॉलरीचं टोक गुंडाळलं ते तसंच राहिलं, परत जायचं नावच नाही. दुसरा: ओला रुमाल घासला आणि रुमाल केशरी. दुकानदार म्हणे, "नये माल में थोड़ा जाता है." गेल्या वर्षी हेच वाक्य ऐकलं होतं, दुकान दुसरं होतं.

तिसरा पीके. मालक म्हातारे, टेप पाहून हसले नाहीत, उलट स्वतःची टेप काढली. सोनाराच्या काट्यावर २.०८ ग्रॅम. रुमाल कोरा. गळ्यात पट्टी आहे, चिरांना पट्टी आहे, मागची बाजू एक इंच लांब. बायकांचा कट वेगळा मिळतो. दोनदा धुतला, दोनदा सावलीत वाळवला. उंची धुण्याआधी २८.५ इंच, नंतर २७.७५. छाती सपाट २१ होती, आता २०.७५. शिवण जागेवर. कॉलर, टच वुड, कॉलरसारखी.

भाव ५४०. खजिनदार म्हणतात ५०० च्या वर एक पैसा नाही. ४० नगांचे १६०० रुपये जास्त होतात.

---

बडोदेकर

खजिनदारांना गेल्या वर्षीचा शर्ट घालून बैठकीला बोलवा आणि हात वर करून मत द्यायला सांगा.

---

रामबागी

😂 हेच केलं. ठराव मंजूर.

---

सूतकाका

उंचीत पाऊण इंच, म्हणजे अडीच टक्क्यांच्या थोडं वर आटलं. चांगलं आहे. ऑर्डर देताना पावतीवर जीएसएम, कॉटनचं प्रमाण आणि 'नमुन्याप्रमाणे' हे शब्द लिहून घ्या. नमुना परत देऊ नका, पावतीबरोबर पिशवीत घालून ठेवा. माल आला की गठ्ठ्यातून कुठलेही तीन काढून पुन्हा काट्यावर.

आणि सगळ्यांना बजावा: उलटा करून, थंड पाण्यात, वेगळा धुवायचा. हँगरला ओला टांगायचा नाही, खांद्याला टेंगळं येतात. दोरीवर मधोमध घडी घालून टाका.

---

टाका_घालते

मापं मी घेते. येत्या रविवारी संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बोलवा, तासाभरात चाळीस होतील. बायकांची आत खोलीत घेईन. आणि प्रत्येकाने आपला नीट बसणारा एक टी-शर्ट सोबत आणायचा, अंगावर माप घेताना सगळे पोट आत ओढतात.

---

रामबागी

ताई, काल झालं सगळं, मनापासून आभार. इथल्या बाकीच्यांसाठी: ३९ मापं सुरळीत. चाळिसावे आमचे अध्यक्षकाका. छाती ४७ भरली. त्यांचं म्हणणं, "मी कॉलेजपासून एल घालतो, एलच लिही." टेप दाखवली तर म्हणाले टेप सैल आहे. आता यादीत काय लिहू?

---

टाका_घालते

थ्री एक्सेल मागवा. लेबल मी उसवून एलचं लावून देते.